चौथी रकात

आते जमेला तिसऱ्या रकातीनंतर उठायचं सोडून खालीच बसली, आणि मेरिदेल धरून तिच्या दोन्ही बाजूंच्या चौघीही मुकाट बसल्या. नमाज असरचा, तिसऱ्या प्रहराचा, म्हणजे रकाती, उठण्या-वाकण्याची आवर्तनं, चार. मेरिदेलने मोजल्या होत्या. तीनच झाल्या होत्या.

झाल्या होत्या ना?  लहानपणापासून नमाज पढणाऱ्या बाकी चौघी चुकतील आणि ही एकटी बरोबर असेल, असं कसं होईल? आडनाव मुसलमानी, सालिप, असलं तरी नाव ख्रिस्ती, मेरिदेल. बाप फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या होलो बेटावरचा मुसलमान, ती चार वर्षांची असतानाच वारला. आईच्या माहेरी ती चर्चमध्ये जात वाढली. बागियोच्या या नर्सिंग कॉलेजात आल्यावर हॉस्टेलच्या खोलीला कडी लावून, फोनवरचे व्हिडिओ बघून ती नमाज शिकली. बाकी सगळं आतेकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत निभावत होती. जमेला शेवटच्या वर्षाला, म्हणून सगळ्यांची आते, इथल्या बोलीत थोरली बहीण.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर संपलंच. गेल्या वर्षी अशीच एक आली होती. या चौघींतल्या हनिसाने तिला 'मोबाईलवाली मुसलमान' असं नाव पाडलं, आणि ती परत फिरकली नाही. हनिसा तो किस्सा अजून रंगवून सांगते. मेरिदेलही सगळ्यांबरोबर हसते. तिसऱ्या मजल्यावरची ही जुनी स्टोअररूम, नमाजानंतर केळीच्या पानातून वाटून खाल्लेला पास्तिल नावाचा कोंबडी-भात, एकमेकींच्या हिजाबाला लावून दिलेल्या टाचण्या. एवढं गेलं तर या शहरात तिचं कुणी नव्हतं.

नमाजात बोलता येत नाही. पढवणारी चुकली तर बायकांनी एक टाळी द्यायची, उजवा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर. हेही तिने व्हिडिओतच पाहिलेलं. आतेचे ओठ हलायचे थांबले. आता ती सलामासाठी मान वळवणार, की नमाज संपला.

मेरिदेलने हातावर हात मारला.

 आते 'अल्लाहु अकबर' म्हणत उठली. सगळ्या उठल्या. चौथी रकात झाली, चुकीच्या भरपाईचे दोन जादा सजदे झाले, सलाम झाला. 

"टाळी कुणी वाजवली?" आतेने विचारलं.

"मी." मेरिदेल म्हणाली. "आते, मला नमाज नीट येत नाही गं. व्हिडिओ बघून शिकले. चुकायची भीती वाटते, म्हणून सारखी मोजत असते."

तिने हनिसाच्या हसण्याची वाट पाहिली. हनिसा हसली नाही.

"मी तर कधी मोजलंच नाही," ती म्हणाली. "घरी आई उठली की उठायचं, बसली की बसायचं. इथे आते."

बाकीच्या दोघींनीही मान हलवली, आपलंही तेच.

"आणि मी काय वेगळं करत होते?" आते म्हणाली. "वयाने मोठी म्हणून मला नमाज पढवायला मधे उभं केलंत. दोन वर्षं अंदाजाने उठतेय, बसतेय. किती नमाज तीनातच आटोपले, अल्लाला ठाऊक."

तिने आपली सतरंजी उचलून रांगेच्या कडेला टाकली.

"उद्या मधे तू उभी राहा."

"मी? आणि मी चुकले तर?"

"तर आम्ही टाळी वाजवू," आते म्हणाली. "फक्त त्याआधी आम्हाला मोजायला शिकव."