शेगुलाबाईची कद्दिश

“दहाच पाहिजेत, टीचर. तेरा वर्षांवरचे दहा ज्यू. पाच मिनिटांचं काम आहे,” हायम म्हणाला आणि त्याने मागे वळून पाहिलं. हॉटेलातलं कुणी ऐकत नव्हतं. ज्यू हा शब्द त्याने दुबईत पहिल्यांदाच तोंडातून काढला होता.

दर्शना टीचर मुंबईच्या ज्यू शाळेची दहावीची सहल घेऊन दुबईच्या बर दुबई भागात आल्या होत्या. आज शेवटचा दिवस. विमानतळाची बस यायला अवकाश होता, म्हणून त्यांनी मुलांना नाश्त्याच्या हॉलमध्ये गालिच्यावर बसवलं होतं. सहलीतून काय शिकलात ते एकेकाने उठून सांगायचं होतं. वाळूत गाडी कशी रुतते ते शिकलो, असं एक जण म्हणाला. दुसरा सोन्याच्या बाजारात काही न घेता तीन दुकानांत फुकट चहा पिऊन आला होता, तेच त्याचं शिक्षण. हशा पिकला होता. तेवढ्यात निळ्या गणवेशातला हा परका माणूस आत घुसला.

हायम नागावकर तिथल्याच अल मनखूल वस्तीतल्या इमारतींमधले एसी दुरुस्त करायचा. त्याच्या खोलीत राहणारी माणसं त्याला हेन्री म्हणत आणि ख्रिश्चन समजत. ज्यू असल्याचं तिथे बोलू नकोस, असं एजंटने निघताना बजावलं होतं. हायमने ते जरा जास्तच मनावर घेतलं. शुक्रवारची प्रार्थनाही त्याने सोडून दिली. शनिवार ज्यूंचा विसाव्याचा दिवस; त्याच्या आजाने त्या दिवशी कधी तेलाचा घाणा फिरवला नव्हता. नातू शनिवारी ओव्हरटाइम करत होता.

आणि चार दिवसांपूर्वी रेवदंड्याला त्याची आई, शेगुलाबाई, गेली. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत मातीला उशीर करत नाहीत. हायमची रजा मंजूर होईपर्यंत सगळं उरकलंही होतं. तो एकुलता एक. आईसाठी कद्दिश म्हणायची ती त्यानेच. पण ती प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. ती ऐकून आमेन म्हणायला दहा ज्यू पुरुष उभे लागतात. दुबईत त्याला एकही माहीत नव्हता. दुःखात अंगावरचा कपडा फाडायचा रिवाज, पण शर्ट फाडला तर चारचौघांत काय सांगणार? त्याने आतलं बनियन गळ्यापाशी फाडलं आणि वर शर्टाची बटणं लावून घेतली. आई गेली होती आणि पोटच्या पोराला मोठ्याने रडायचीही चोरी होती.

आज अब्र्यातून, तिथल्या लाकडी होडीतून, खाडी ओलांडून उतरताना त्याला ही मुलं दिसली. शर्टाच्या खिशावर बिल्ला, बिल्ल्यावर ज्यूंची सात वातींची समई. शाळा त्याचीच! त्याच्या वेळी अर्धा वर्ग ज्यू असायचा. देव पावला म्हणत तो त्यांच्या मागोमाग हॉटेलपर्यंत आला.

“मला पाठ आहे सगळी,” तो टीचरना सांगत होता. “वडील गेले तेव्हा वर्षभर म्हटली होती. मुलांनी फक्त उभं राहायचं. प्लीज, टीचर.”

दर्शना टीचर त्याच्या जवळ आल्या. “हायमभाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “यांत एकही ज्यू नाही हो. मीसुद्धा नाही. तुमची सगळी माणसं इस्राएलला गेली. शाळेचं नाव तेवढं राहिलंय.”

हायमने मुलांकडे पाहिलं. टीचरनी एकेकाचं नाव सांगितलं. युसुफ, जमाल, रोशन, अरुण. तो मटकन खाली बसला. गळ्याशी हात घातला तेव्हा वरचं बटण तुटून पडलं आणि फाटकं बनियन बाहेर आलं. आता त्याला लाज वाटेनाशी झाली. तो भर हॉलमध्ये ओक्साबोक्शी रडला.

“खलास,” तो म्हणाला. “माझी आई तशीच गेली.”

मागच्या रांगेतला युसुफ उठला. त्याची बोलायची पाळी राहिलीच होती. तो मुरूडचा कोकणी मुसलमान, बोलणं हायमच्या गावासारखंच.

“काका, कद्दिश म्हणायचीय ना? आम्ही उभे राहतो.”

“तुम्ही चालत नाही रे, पोरांनो.”

“एझ्रा सर पण हेच म्हणाले होते,” युसुफ म्हणाला. “शाळेतले शेवटचे ज्यू सर. त्यांची स्वतःची मुलं इस्राएलला निघून गेली होती. मग म्हणाले, चालत नाही, पण कुणीच नसण्यापेक्षा बरं.”

मुलं उठली. कुणी रुमाल, कुणी टोपी, कुणी नुसता हात डोक्यावर ठेवला. हायमही उभा राहिला. त्याने डोळे मिटून सुरुवात केली.

“यिथगद्दल वेयिथकद्दश...”

आणि तो अडला. पुढचा शब्द येईना. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं. पुन्हा तिथेच. इतकी वर्षं जे ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते आज बोलावूनही येत नव्हतं. आईसमोर रिकाम्या हाताने उभं राहावं तसा तो उभा होता.

“शेमे रब्बा,” युसुफ म्हणाला.

मग जमाल. मग अख्खा वर्ग, एका सुरात, न अडखळता, एझ्रा सरांनी स्वतःच्या मरणानंतर म्हणायला त्यांच्याकडून पाठ करून घेतली होती तशी.

आमेन म्हणायला दहा माणसं शोधत हायम इथवर आला होता. आता त्याच्या आईची कद्दिश मुलं म्हणत होती आणि आमेन तेवढं हायम म्हणत होता.