हिरवा दिवा

शाळेच्या गाडीत मालकांनी एक यंत्र बसविले होते. त्याच्या नळीत फुंकल्याखेरीज गाडी सुरू होत नसे, आणि श्वासात दारू असल्यास मुळीच होत नसे. चालकाने त्यावर आठवड्याभरातच उपाय शोधला. रोज सकाळी त्याची बायको ओले हात पुशीत खाली येई, नळीत फुंकी आणि मुकाट्याने परत जाई. नवऱ्याची नोकरी टिकावी, एवढीच तिची इच्छा होती.

आज मात्र तिने दोनदा फुंकूनही लाल दिवा विझेना.

"यंत्राचं डोकं फिरलंय वाटतं," तो म्हणाला.

"यंत्र चांगलं आहे." तिने मान खाली घातली. "तुमच्या काळजीनं झोप लागत नाही. महिना झाला, तुमच्याच बाटलीतलं घोटभर घेते. काल जास्त झालं."

घड्याळाकडे पाहून त्याने जिन्याच्या दिशेने हाक मारली, "चिमणे, लवकर खाली ये गं."

दुसरीतली चिमणी दप्तरासह धावत आली. "मला येतं, बाबा. मी रोज खिडकीतून बघते."

तिने गाल फुगवून फुंकले. हिरवा दिवा लागला. बापाची शाबासकी मिळताच ती आनंदाने गाडीत चढली आणि त्याच्या मागच्या बाकावर, आपल्या नेहमीच्या जागी, जाऊन बसली.