एक सभासद कमी

अमेरिकेची नवी राज्यघटना बहुमतवाले धड वाचूही न देता पुढे रेटायला निघाले, म्हणून विरोधी सभासद मॅक्लर्ग विधानसभेत गेलाच नाही. गणसंख्येला एक सभासद कमी पडल्याने सभा भरेना. तेव्हा फिलाडेल्फियातल्या घटनासमर्थकांच्या टोळक्याने त्याला खोलीतून उचललं, भर रस्त्यातून फरफटत नेलं आणि फाटक्या कोटानिशी सभागृहातल्या बाकावर आदळलं.

“मी हजर नाही!” तो कडाडला. “पळवून आणलंय मला, चोरांनो! दार सोडा!”

“एवढं तापू नका हो, मॅक्लर्गसाहेब,” सभापती मधाळ आवाजात म्हणाले. “तुम्हाला जाऊ द्यायचं का, ते सभेलाच विचारू. जाऊ द्यावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

संतापलेल्या मॅक्लर्गने दोन्ही हात वर केले.

“एकच धरा,” सभापतींनी कारकुनाला सांगितलं. “आणि लिहा, सभासद हजर आहेत, त्यांनी मतदानही केलं.”