हँडशेक

कर्र... ट्यूंऽ... टेबलावरचं फॅक्स मशीन ओरडलं, तशी नव्या कारकुनांत खसखस पिकली.

"हसू नका. कागद पाठवण्याआधी दोन्हीकडची मशिनं एकमेकांना विचारतात, तुला किती वेग झेपेल? याला हँडशेक म्हणतात," शिकवणाऱ्या वैजयंतीमॅडम म्हणाल्या.

"आणि एखादं जुनं, मंद असलं तर?" एका कारकुनानं विचारलं.

"तर वेगवान मशीन आपला वेग उतरवतं. नाहीतर मजकूर वाटेतच हरवेल."

तेवढ्यात मॅडमना त्यांच्या बाबांचा नेहमीचा फोन आला. पक्षाघातानंतर त्यांना एकेक शब्द ओढून काढावा लागे. रोज दुपारी फोन करून ते "गोळ्या..." म्हणत अडखळायचे आणि मॅडम घाईनं वाक्य पुरं करायच्या, "घेतल्यात ना? छान! ठेवते."

आजही "गोळ्या..." ऐकताच तेच शब्द ओठांवर आले. पण समोरचं मशीन अजून पलीकडच्याची वाट पाहत होतं. मॅडम गप्प राहिल्या.

"गोळ्या... तुझ्या... बीपीच्या... घेतेस ना... पोरी?"

पर्समधली गोळ्यांची पट्टी तशीच होती, एकही गोळी न काढलेली.

"नाही, बाबा. आत्ता घेते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बोला, मला घाई नाही."