चवळीला लागलेली कीड

साठवणीतल्या कडधान्यांवरील कीड हा तिच्या संशोधनाचा विषय होता. त्यामुळे बाबांनी फोनवर "अगं, चवळीला भोकंच भोकं पडलीत" असे सांगताच ती चार महिन्यांनी घरी आली.

"या, किड्यांच्या डॉक्टरीणबाई! भुंग्याचं नाव काढलं की बरी सुट्टी मिळते तुला," असे म्हणत निवृत्त घड्याळजी असलेल्या बाबांनी डबा पुढे केला.

तिने दहा दाणे भिंगाखाली धरले. सालीवर अंडी नव्हती, तळाशी पीठ साचले नव्हते आणि साऱ्या डब्यात एकही भुंगा नव्हता. भोके मात्र सुबक, एकाच मापाची आणि आरपार होती. भुंगा दाणा आतून पोखरतो आणि एका बाजूने बाहेर पडतो. इतके सरळ आरपार भोक पाडायला घड्याळजीचे बारीक ड्रिल लागते.

"काय गं, फार आहे का?" बाबांनी तिच्याकडे न बघता विचारले.

आजवरच्या एकाही अहवालात तिने खोटे वाक्य लिहिले नव्हते.

"फार आहे, बाबा," ती म्हणाली. "एका फेरीत आटोक्यात यायची नाही. दर रविवारी येऊन बघावं लागेल."