निगेटिव्ह वाचणारी आई

आईने एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली, तशी तिची मुलगी रुओलान घाईने पुढे झाली. ती फिल्म आईची नव्हतीच.

चीनमधल्या त्यांच्या सूचौ शहरात डॉक्टर जीवघेण्या आजाराचं निदान आधी घरच्यांच्या कानावर घालत, आणि रोग्याला सांगायचं की नाही ते घरचे ठरवत. आईला तिच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचं कळू द्यायचं नाही, असं बाबांनी ठरवलं होतं. म्हणून रुओलानने शेजाऱ्यांच्या सुनेचा निरोगी एक्स-रे मागून आणला. आईने चाळीस वर्षं फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर टचिंग, म्हणजे फोटोतले बारीक दोष ब्रशने झाकायचं काम, केलं होतं, हे त्या घाईत दोघांनाही आठवलं नाही.

"लहानपणी होडीतून पडले, तेव्हा माझं हे गळ्याजवळचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं," आई फिल्मवर बोट टेकवत म्हणाली. "इथे सरळ कसं?"

"मशीन नवीन आहे, आई."

"अगं बाई! नवीन मशीन हाडंसुद्धा बसवतं?"

रुओलानला हसू येईना. आईने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फिल्मकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

जिन्यात पावलं वाजली. बाबांनी दारातूनच उसन्या उत्साहाने विचारलं, "काय म्हणतोय एक्स-रे?"

रुओलान तोंड उघडणार, तोच आईने तिचं मनगट पकडलं.

"छाती अगदी स्वच्छ आहे हो," आई हसत म्हणाली. "उगाच घाबरलात तुम्ही."

बाबा सुटकेने खुर्चीत बसले आणि चहा मागू लागले. रुओलानच्या मनगटावरची आईची बोटं मात्र थंडगार पडली होती आणि सुटत नव्हती.