अवधूतच्या बाजूची जागा

काल्याचं कीर्तन आटोपलं. बुवांनी हंडी फोडली, आणि दही-लाह्यांचा काला जो तो शेजाऱ्याच्या तोंडात भरवू लागला. आज मंडपात कोणी पाटील नाही, कोणी तांड्याचा नाही, असं बुवांनी बजावलंच होतं. तांड्यावरचा टाळकरी देवसिंग घास घेऊन थेट पुंडलिकराव पाटलांपुढे उभा राहिला.

"पोरगा मॅट्रिक झाला म्हणे तुया," पाटील म्हणाले.

"झाला जी. कॉलेजात घालतो."

गेल्या साली याच मंडपात पाटील म्हणाले होते, "तांड्याचं पोरगं अन् कॉलेज? आमच्या अवधूतची पेटी उचलायले धाड त्याले अमरावतीले." लोक हसले होते. देवसिंगही हसला होता.

"कोणतं कॉलेज धरता मग?" बुवांनी मायेनं विचारलं.

"यवतमाळ," देवसिंगचा पोरगा फुलसिंग पटकन बोलला. "लहान हाय, नवं हाय, पण याडीच्या, मायच्या हातची भाकर एस.टी.नं पोचते. अमरावतीत उपाशी शिकणं होत नाही, बुवा."

"अमरावती!" देवसिंग म्हणाला.

"काहून रे? मोठं आहे म्हणून?" बुवांनी विचारलं.

"लहान-मोठं मले काय समजते? पाटलाचा अवधूत तिथं नापास झाला. औंदा पुन्हा त्याच वर्गात बसंन. माया पोरगा त्याच्या बाजूले बसंन, अन् पास होऊन पुढं निघंन. थे पाहाचं हाय मले."

फुलसिंगनं मान खाली घातली.

"अवधूत नाही जात आता तिथं," पाटील घुश्शात म्हणाले. "यवतमाळले घालून राह्यलो त्याले."

"हे केव्हा ठरलं?" बुवा.

"ठरलं!"

"मंग आमचंही यवतमाळच," म्हणत देवसिंगनं घास पाटलांच्या तोंडात सारला.

लोक खो खो हसले. फुलसिंगच्या तोंडावर रंग आला.

"पण बा, तो तिथंही नापास झाला तं?"

"तं तूच शिकवजो त्याले. रोज तुया खोलीवर येऊ दे. कंटाळजो नको."

बुवांचे डोळे भरून आले. "पाहा पुंडलिकराव, केवढं मन!"

पाटील तोंडात घास धरून उभे होते. तो गिळवत नव्हता, आणि प्रसाद, म्हणून थुंकताही येत नव्हता.